चित्रकाराचे साडेबारा टक्के

(बेलपाडा येथे समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, हळदी-लग्नांतील खर्च आणि जमिनीचा मोबदला या विषयांवर अधिकारी मंडळींची व्याख्याने झाली आहेत. त्यांच्या पंक्तीला चित्रकथा काढणाऱ्या माणसाच्या पोटापाण्याचा विषय बसवावा, ही चिटणिसांची सूचना प्रथम मला विनोदाची वाटली. परंतु त्यांनी कारण सांगितले तेव्हा तो विनोद उरला नाही. आपल्या समाजातील काही पालक त्यांच्याकडे एकच प्रश्न घेऊन आले होते. मुलगा किंवा मुलगी उत्तम चित्रे काढते, अभियांत्रिकीला जावयास तयार नाही, नोकरी नको म्हणते, ‘स्वतंत्र चित्रकथाकार’ व्हावयाचे म्हणते. या उद्योगात भाकरी आहे काय? प्रश्न रोखठोक आहे, आणि त्याला उत्तरही तसेच दिले पाहिजे.

भाकरी आहे. परंतु ती चित्र काढण्याच्या कौशल्यावर जितकी अवलंबून आहे, तितकीच एका कागदावर अवलंबून आहे. त्या कागदाविषयी मी आज मुख्यत्वे बोलणार आहे. आणि तो विषय बेलपाड्यात बोलण्याइतकी योग्य जागा मला दुसरी दिसत नाही.

वडीलधाऱ्या मंडळींसाठी प्रथम एवढे सांगतो, की चित्रकथा म्हणजे गोष्टीमधली चित्रे नव्हेत. चित्रांतूनच चालणारी गोष्ट होय. एका पानावर पाचसहा चौकटी, प्रत्येकीत पात्रे, त्यांच्या तोंडची वाक्ये फुग्यांत लिहिलेली. ‘अमर चित्रकथे’चे एक पुस्तक साधारणपणे 32 पानांचे, म्हणजे चित्रकाराला दीडशेच्या आसपास लहानमोठी चित्रे काढावी लागतात, आणि पहिल्या चौकटीतला नायक शेवटच्या चौकटीतही तोच वाटला पाहिजे. त्याचे नाक बदलून चालत नाही, मागच्या बाजूने काढला तरी तो ओळखू आला पाहिजे. संगणक येण्यापूर्वी मूळ पान छापील पानापेक्षा मोठे काढीत, आधी पेन्सिलीने, मग ब्रशाने व काळ्या शाईने. कष्टाचे काम आहे. मिठागरावर उन्हात राबण्याशी त्याची तुलना करण्याचे धाडस मी करीत नाही, परंतु पाठ आणि डोळे यांची किंमत दोन्हीकडे मोजावी लागते.

आता ‘स्वतंत्र’ या शब्दाकडे येऊ. पुष्कळांची समजूत अशी की ज्याच्यावर साहेब नाही तो स्वतंत्र. मराठी चित्रकारांचा इतिहास पाहिला तर या शब्दाचा अर्थ निराळा निघतो.

1909 साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत एक नवीच प्रथा सुरू झाली. दिवाळी अंक म्हणजे मुखपृष्ठ, आणि मुखपृष्ठ म्हणजे चित्रकार. पुढील अर्धशतकात या अंकांनी व पुस्तकांच्या वेष्टनांनी अनेक चित्रकारांची घरे चालविली. त्यांत दोन नावे घराघरांत पोहोचली, दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगांवकर. दोघेही मूळचे गोमंतकाचे, दोघांनीही मुंबईत नाव मिळविले. दलाल 1916 साली मडगावी जन्मले. मुळगांवकरांनी काढलेल्या देवदेवतांच्या तसबिरी आपल्या कित्येकांच्या आजोबांच्या ओटीवर टांगलेल्या होत्या; बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची त्यांनी काढलेली मुखपृष्ठे पाहून मुले ती पुस्तके उशाखाली लपवीत. दोघांच्या चित्रशैलीविषयी रसिक पुष्कळ बोलतात. त्यांच्या व्यवहाराविषयी मात्र कोणी बोलत नाही, आणि तोच आजच्या तरुणाने पाहण्यासारखा आहे. दलालांनी 1945 साली स्वतःचा ‘दीपावली’ हा अंक काढला. मुळगांवकरांनी ‘रत्नप्रभा’ काढला. इतरांच्या अंकांना मुखपृष्ठे देणारे हे हात आपला स्वतःचा अंकही बाळगून होते. अर्थात त्यामुळे त्यांच्या मागे जाहिराती मिळविण्याची, कागदाची, छपाईची कटकट लागली असणार. परंतु चित्र कोणते छापावयाचे, किती मोठे छापावयाचे आणि त्याखाली नाव कोणाचे, हे ठरविणारा दुसरा कोणी राहिला नाही. व्यंगचित्रकार बाळ ठाकरे यांनी ‘फ्री प्रेस जर्नल’ सोडल्यावर 1960 साली ‘मार्मिक’ काढले, त्याचे पुढील राजकारण क्षणभर बाजूस ठेवले तर तीही याच वाटेवरची गोष्ट आहे.

अंक काढण्याची शक्ती प्रत्येकापाशी नसते. वसंत सरवटे यांनी वेगळा मार्ग पत्करला. ते स्थापत्य अभियंता होते, ए.सी.सी. कंपनीत त्यांनी नोकरी केली आणि तिच्या जोडीने चित्रे काढली. पु. ल. देशपांड्यांची पुस्तके आणि जयवंत दळवींचा ‘ठणठणपाळ’ त्यांच्या रेषेवाचून आपण डोळ्यांपुढे आणू शकत नाही. मुलाला अभियंता करू पाहणाऱ्या पालकांनी हे नाव अवश्य लक्षात ठेवावे, मुलानेही ठेवावे. शि. द. फडणीस यांनी मात्र नोकरीचा आधार न घेता केवळ चित्रांवर आयुष्य उभे केले. 1925 साली तेव्हाच्या बेळगाव जिल्ह्यातील भोज या गावी जन्मलेला हा माणूस मुंबईत उपयोजित कला शिकला, पुण्यात स्थायिक झाला, आणि ‘हंस’, ‘मोहिनी’ या मासिकांच्या मुखपृष्ठांवर त्याने शब्दावाचून हसविणारी चित्रे काढली. पुढे त्याच चित्रांची ‘हसरी गॅलरी’ ही प्रदर्शने त्यांनी भरविली, ‘चित्रहास’ नावाचा रंगमंचीय कार्यक्रमही केला. एकदा मुखपृष्ठावर छापून आलेले चित्र भिंतीवर पुन्हा लोकांपुढे आले, पडद्यावर पुन्हा आले, पुस्तकात पुन्हा आले. चित्र हातचे गेलेले नसले म्हणजे ते आंब्याच्या झाडासारखे वर्षानुवर्षे फळ देते.

आता प्रत्यक्ष चित्रकथेकडे वळतो, कारण मुलांचे मन तिकडे आहे आणि धोकाही तिकडेच आहे.

1964 साली टाइम्स ऑफ इंडियाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले आणि फँटमच्या साहसकथा मराठीतही वाचावयास मिळू लागल्या. ती चित्रे अमेरिकेहून येत. त्या कामात असलेले अनंत पै यांनी 1967 साली दिल्लीस दूरदर्शनवर एक प्रश्नमंजूषा पाहिली. ग्रीक पुराणांतील प्रश्नाचे उत्तर मुलांना आले, परंतु रामाच्या आईचे नाव आले नाही. त्यातून ‘अमर चित्रकथा’ जन्मास आली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. या मालेतील ‘कृष्ण’ हे पुस्तक राम वाईरकर यांनी काढले. नंतर 1980 साली ‘टिंकल’ हे मुलांचे नियतकालिक निघाले आणि वाईरकरांनीच त्यातील सुपंडीला रूप दिले. डोळ्यांवर टोपी ओढलेला शिकारी शंभू वसंत हळबे यांनी काढला. कालिया कावळा प्रदीप साठे यांचा. प्रताप मुळीक आणि दिलीप कदम यांनी पुण्यात बसून पुराणे आणि इतिहास चित्रबद्ध केले. मुळीकांनी तर पुढे दिल्लीच्या राज कॉमिक्ससाठी 1986 साली ‘नागराज’ प्रथम कागदावर उतरविला.

ही नावे मी मुद्दाम सावकाश वाचली. या सभेत सुपंडी कोण हे विचारले तर शंभर हात वर होतील. वाईरकर कोण हे विचारले तर किती होतील? काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एका पिढीच्या मनातील कृष्ण, शिवाजी, नागराज आणि सुपंडी यांचे चेहरे मराठी हातांनी घडविले. ‘अमर चित्रकथे’च्या पुस्तकांत चित्रकाराचे नाव आतल्या पानावर छापले जाई, हे त्या प्रकाशनाचे श्रेय मान्य केले पाहिजे, अनेक ठिकाणी तेवढेही होत नसे. परंतु या धंद्याची जगभरची सर्वसाधारण रीत एकच होती. पानामागे मोबदला ठरलेला. पान दिले, पैसे घेतले, व्यवहार मिटला. पुस्तकाच्या आवृत्त्या पुढे दहा निघोत की पन्नास, त्याच पात्राची बाहुली निघो, दप्तर निघो की चित्रपट निघो, पान काढणाऱ्याशी त्याचा संबंध उरत नाही.

अमेरिकेतील एक उदाहरण सांगतो. सुपरमॅन ज्यांनी निर्माण केला ते जेरी सीगल आणि जो शुस्टर हे क्लीव्हलंड शहरातील दोन तरुण. 1938 साली त्यांनी त्या पात्राचे सर्व हक्क प्रकाशकाला विकले, 130 डॉलरांना. पुढे त्या पात्राने किती संपत्ती निर्माण केली हे सांगावयास नको. हे दोघे कोर्टात गेले, हरले. अखेर 1975 साली, लोकनिंदेच्या दडपणाखाली, कंपनीने त्यांना वर्षाला प्रत्येकी 20,000 डॉलरांचे निवृत्तिवेतन आणि नावाचा उल्लेख देण्याचे मान्य केले. तोवर शुस्टरची दृष्टी जवळजवळ गेलेली होती.

बंधुभगिनींनो, ही गोष्ट ऐकताना तुमच्यापैकी कित्येकांना ती आपल्या घरातील वाटली असेल. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागांतील 95 गावांच्या जमिनींवर नवे शहर उभारावयाचे ठरले. मोबदला ठरला, कागद झाला, भातखाचरे गेली. ज्या खाजणात आपल्या बापजाद्यांनी बांध घालून खाऱ्या पाण्याशी झगडत भात पिकविले, तेथे इमारती उठल्या, आणि त्या जमिनीचा पुढील भाव आपल्या कागदावर कोठेच नव्हता. 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, जासईच्या परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पदरात पडले. त्यातूनही सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा होऊन हाती पावणेनऊच येतात, हा हिशेब येथील शाळकरी पोरालाही पाठ आहे.

या साडेबारा टक्क्यांचा अर्थ काय? जमीन घेतानाची किंमत दिली म्हणून संबंध संपत नाही. तिचे मोल जे पुढे वाढेल त्यात मूळ धन्याचा वाटा राहिला पाहिजे. लेखकाला प्रत्येक विकलेल्या प्रतीमागे जे स्वामित्वधन मिळते, ज्याला आपण रॉयल्टी म्हणतो, त्याच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. म्हणून मी म्हणतो, की चित्रकाराचा धंदा समजण्यास या गावाइतके तयार लोक मुंबईच्या कलाशाळेतही सापडणार नाहीत.

कायदा चित्रकाराच्या बाजूने पुष्कळ काही सांगतो, परंतु तो कागदावाचून बोलत नाही. आपला प्रताधिकार कायदा 1957 सालचा आहे. त्याच्या 17 व्या कलमाप्रमाणे चित्राचा पहिला मालक सामान्यतः चित्रकारच होय. मात्र तो नोकरीत राहून ते काम करीत असेल, तर उलट करार नसल्यास मालकी धन्याकडे जाते. तसेच कोणी पैसे देऊन रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र करवून घेतले तर, येथेही उलट करार नसल्यास, पहिली मालकी करवून घेणाऱ्याची. तेव्हा करार आधी, चित्र मागाहून. हक्क दुसऱ्याला द्यावयाचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. तोंडी दिलेले हक्क कायद्याला दिसत नाहीत. 19 वे कलम आणखी सांगते, की कराराच्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरावी, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरावा. 2012 च्या दुरुस्तीने असेही ठरविले, की करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हते, त्याला तो करार लागू होत नाही, कागदात त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय. 57 वे कलम तर हक्क विकून झाल्यावरही चित्रकाराला आपले नाव मागण्याचा आणि चित्राची मोडतोड थांबविण्याचा अधिकार ठेवते. चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हे हक्क चालतात. दलाल 1971 च्या जानेवारीत निवर्तले. म्हणजे त्यांनी स्वतःजवळ राखलेल्या चित्रांवर त्यांच्या वारसांचा हक्क 2031 च्या डिसेंबरअखेरपर्यंत आहे. सातबाऱ्यावर वारसाची नोंद लावण्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालणारे आपण लोक. आपल्या मुलाने काढलेल्या कागदालाही वारस असतात, हे आपल्या ध्यानी सहसा येत नाही.

व्यवहारात याचा उपयोग कसा करावा? काम स्वीकारताना एक पानभर पत्र लिहावे. किती चित्रे, कोणत्या पुस्तकासाठी, किती प्रतींसाठी, किती वर्षांसाठी, पैसे केव्हा, नाव कोठे, आणि मूळ कागद परत मिळणार की नाही. प्रकाशक भला असेल तर त्याला राग येत नाही. भला नसेल तर ते त्या पत्रानेच लवकर कळते. नवशिक्याला रॉयल्टी कोण देणार, हा प्रश्न रास्त आहे. पुष्कळदा मिळणार नाही. तेव्हा एकरकमी पैसे घ्यावेत. परंतु एका आवृत्तीपुरते घ्यावेत, दिनदर्शिका, बाहुल्या आणि पडदा यांचा हक्क शब्दाने लिहून मागे ठेवावा. ‘सर्व हक्क, सर्व काळ, सर्व माध्यमे’ ही सहा अक्षरशत्रूंसारखी सहा पदे ज्या कागदावर दिसतील तो कागद सही करण्यापूर्वी घरी आणावा आणि वकिलाला दाखवावा. आपल्या समाजात वकिलांची आता वाण नाही.

पालकांसाठी दोन शब्द. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा मुलांना शाळेतच देऊ द्याव्यात. हात कोठवर आला आहे ते त्यातून दिसते. पुढे मुंबईस सर जे. जे. आहे, ते 1857 पासून आहे; खारघरहून आगगाडीने रोज जाऊन येण्यासारखे आहे. पदवी मिळाल्यावर पहिली तीनचार वर्षे उत्पन्न अनियमित राहील. पाठ्यपुस्तकांची चित्रे, जाहिराती, लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या ही कामे हलकी मानू नयेत. त्यांनीच चित्रकथेला वेळ मिळतो. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचे पैसे ज्या घरात आले आहेत, त्यांनी मुलाला गाडी घेऊन देण्याऐवजी तीन वर्षांची सवड घेऊन द्यावी, असे मी धीटपणे सुचवितो. त्यावर सभेत कुजबुज झालेली मला ऐकू येते आहे.

यंत्राचा प्रश्नही विचारला जातो. चार शब्द लिहून क्षणात चित्र देणारी साधने 2022 नंतर सर्वांच्या हाती आली आहेत, आणि स्वस्तात मुखपृष्ठ हवे असणारा गिऱ्हाईक तिकडे जाईल यात संशय नाही. दुसऱ्याच्या चित्रासारखे चित्र काढून देणे हाच ज्याचा धंदा होता, त्याची अडचण मोठी आहे. ज्याच्यापाशी स्वतःची गोष्ट आहे त्याची तितकी नाही.

आणि गोष्टी आपल्यापाशी आहेत. 1994 साली ओरिजित सेन यांनी नर्मदेच्या धरणात बुडणाऱ्या लोकांवर ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ ही दीर्घ चित्रकथा काढली. भारतात या प्रकारची सुरुवात तिच्यापासून मानतात. तिचा विषय काय होता? जमीन, विस्थापन आणि ज्यांच्याकडे कागद नाही अशी माणसे. 2011 साली ‘भीमायन’ निघाले. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकार जोडप्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपल्या जमातीच्या भिंतीवरील रेषेत काढले, आणि माणसांना चौकटीत कोंडणे त्यांनी नाकारले. आपल्याच जिल्ह्यातील महाडचे चवदार तळे त्या पुस्तकात मासे आणि पाखरे होऊन अवतरले, आणि जगभरच्या वाचकांपर्यंत गेले.

मग चरीचा संप कोणी काढावा? 27 ऑक्टोबर 1933 रोजी अलिबागजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन कसण्याचे नाकारले आणि 1939 पर्यंत, सहा वर्षे, नांगर धरला नाही. करवंदे, कांदे, लाकूडफाटा विकून माणसे जगली, उपाशी राहिली, परंतु शब्द मोडला नाही. 25 सप्टेंबर 1930 चा चिरनेरचा जंगल सत्याग्रह आहे. जासई आहे. धवलारणींच्या गाण्यांतील लग्ने आहेत, खाजणातले बांध फुटलेल्या रात्री आहेत. या गोष्टी पाहिलेली किंवा बापाच्या तोंडून ऐकलेली माणसे या मंडपात पुढच्या रांगेत बसली आहेत. ज्या मुलाला चित्रकथाकार व्हावयाचे आहे त्याने त्यांच्यापाशी वही घेऊन बसावे. बांध कसा घालीत, मिठाचे आगर कसे राखीत, हातात कोणते अवजार असे, डोक्यावर काय बांधीत, हे विचारून काढून ठेवावे. कोणतेही यंत्र त्याला ते सांगणार नाही.

नावाविषयी एक गोष्ट राहिली. नोव्हेंबर 2023 मध्ये आपल्या बाजूने मेट्रो सुरू झाली आणि तिच्या एका स्थानकाला ‘बेलपाडा’ हे नाव मिळाले. जमीन गेली तरी पाटीवर नाव राहिले, याचे समाधान आपल्या वृद्धांच्या तोंडावर मी पाहिले आहे. चित्राखालची सही ही तशीच पाटी होय.

शेवटी कार्यकारी मंडळापुढे एक लेखी सूचना ठेवतो. तिची प्रत मी चिटणिसांकडे दिलेली आहे. आपल्या स्मरणिकेचे मुखपृष्ठ दरवर्षी समाजातील कोणी तरुण हौसेने, फुकट काढून देतो आणि त्याचे नाव छापावयाचे बहुधा राहून जाते. पुढील वर्षीपासून मंडळाने त्यासाठी रक्कम मंजूर करावी, मग ती लहान का असेना. तिची पावती घ्यावी, चित्रकाराचे नाव पहिल्या पानावर संपादकाच्या नावाखाली छापावे, आणि त्याच पानावर असे लिहावे की हे चित्र मंडळाने एका आवृत्तीपुरतेच घेतले असून त्याचा पुढील सर्व हक्क चित्रकाराकडे आहे. मूळ कागद मेळाव्यातच त्याच्या हाती परत द्यावा. त्यासोबत चरीच्या संपावर आठ पानांची चित्रकथा मागवावी आणि तिलाही हीच अट लावावी. ठरावाला अनुमोदक मिळाल्यास मी त्याचा पहिला वर्गणीदार होण्यास तयार आहे.